बंदरात उतरतं ते ताटात येतं

2022 च्या दिवाळीला महाराष्ट्र सरकारनं रेशन दुकानांतून ‘आनंदाचा शिधा’ वाटला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. महागाईच्या दिवसांत अशा पिशवीला कोण नाही म्हणेल? पण त्यातला चौथा जिन्नस जरा लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यानं फराळासाठी लोकांना जे तेल दिलं, त्याचं झाड इथल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलंही नाही. देशात लागणारं जवळपास सगळं पामतेल इंडोनेशिया, मलेशिया आणि थोडंफार थायलंडहून येतं.

सरकारनं हेच तेल का निवडलं हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ते सगळ्यात स्वस्त होतं. ते इतकं स्वस्त कसं झालं आणि त्यापायी आपल्या ताटात काय वाढलं, काय कमी झालं, हे पाहिलं की आंतरराष्ट्रीय व्यापार आणि पोषण हा जडशीळ वाटणारा विषय बराचसा उलगडतो.

टिकतं ते स्वस्तात फिरतं

परदेशी मालामुळे आहार सुधारतो की बिघडतो, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं असं की आयातीमुळे दुष्काळातही दुकानं भरलेली राहतात आणि भाव हाताबाहेर जात नाहीत. दुसरं असं की परदेशी कंपन्या आल्या, चिप्स-कोला आले आणि पोरं जाड झाली. दोन्हींत तथ्य आहे. पण व्यापारामुळे सगळंच सारखं स्वस्त होत नाही, हे दोन्ही बाजू विसरतात. काही पदार्थ खूप स्वस्त होतात, काही जिथल्या तिथे राहतात. आणि महिन्याचं सामान भरताना आपण काय जास्त घेतो, काय कमी करतो, हे एका जिन्नसाचा भाव दुसऱ्याच्या मानानं किती आहे यावर ठरतं.

मग स्वस्त काय होतं? जे टिकतं ते. कच्चं पामतेल टँकर जहाजात भरतात, कांडला, मुंद्रा, काकीनाडा, हल्दिया अशा बंदरांत पाइपनं उतरवतात आणि बंदरालगतच्याच रिफायनरीत शुद्ध करतात. हजारो टन माल हातही न लावता महासागर ओलांडतो आणि किलोमागे भाडं अगदी किरकोळ पडतं. गहू, मका, साखर यांचंही तेच. याउलट मेथीची जुडी नाशिकहून वाशी मार्केटला रात्रीत पोचवायची, तर तेवढ्यातच तिची पानं माना टाकतात. पालक, गवार, पेरू, दूध, अंडी हे नाशवंत पदार्थ. त्यांचा भाव पाऊस, डिझेल, शीतगृह आणि अडत यांवर ठरतो. पामतेलाचा भाव क्वालालंपूरच्या वायदेबाजारात ठरतो.

ही तफावत वीस-तीस वर्षं चालली की परिणाम दिसू लागतो. नुसत्या उष्मांकांचे पदार्थ, म्हणजे तेल, साखर, मैदा, हे भाजी, फळं, दूध यांच्या मानानं स्वस्त होत जातात. कोणी कट केलेला नसतो. पोट भरणारं जहाजातून येतं आणि जीवनसत्त्वं, लोह, तंतू देणारं बहुतांशी गावाशेजारच्या मळ्यातूनच यावं लागतं. कडधान्यं याला सुखद अपवाद. ती वाळलेली असतात, टिकतात आणि प्रथिनंही देतात. म्हणून डाळींची आयात ही पोषणाच्या दृष्टीनं तेलाच्या आयातीपेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे. आपली धोरणं मात्र दोघांना एकाच काट्यावर मोजतात: महागाई वाढली की दार उघडा, शेतकरी रस्त्यावर आले की बंद करा.

तेलाची गोष्ट

सत्तरच्या दशकात गोडेतेलाच्या टंचाईनं मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचं नाव घराघरात पोचलं ते त्या काळात. त्या पिढीला रेशनच्या पामोलिनची, म्हणजे पामतेलाच्याच पातळ भागाची, रांगही आठवत असेल. तेव्हा पामोलिन आणायचं ते सरकार, तेही मोजून-मापून. 1986 मध्ये केंद्रानं तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि नव्वदच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. आयात अगदी नगण्य उरली होती.

मग 1994 मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली. सुरुवातीला आयात शुल्क होतं 65 टक्के. पुढच्या वर्षी ते 30 वर आलं, मग 20 वर आणि 1998 मध्ये 15 वर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलातून जलोदरासारख्या आजाराची साथ पसरली. पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलेलं होतं. साठाहून अधिक माणसं दगावली. सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधनं आली, घाण्याच्या तेलावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पिशवीबंद रिफाइंड तेलाला रान मोकळं झालं. ते रिफाइंड तेल पुरवायला आयातीचे टँकर तयारच होते.

आज भारत जगातला सगळ्यात मोठा खाद्यतेल आयातदार आहे. वर्षाला साधारण 1.6 कोटी टन तेल बाहेरून येतं. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा, मग अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन तेल आणि रशिया, युक्रेन, अर्जेंटिनाचं सूर्यफूल. (एक गंमत: नेपाळात पामची शेती नाही. तरी काही वर्षांपूर्वी पामतेल ही नेपाळची सर्वांत मोठी निर्यात ठरली होती. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे तिथून येणाऱ्या मालाला शुल्क नव्हतं, त्यामुळे परदेशी तेल नेपाळात शुद्ध करून भारतात पाठवणं परवडत होतं. शुल्काच्या फटी तेलाला आपणहून सापडतात.)

आता हे अंगाला कसं लागतं ते पाहू. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे भारतात दरडोई वर्षाला 19.7 किलो खाद्यतेल लागतं. दिवसाला हे साधारण 54 ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या 2,000 उष्मांकांच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. म्हणजे दुप्पट. यात थोडी सावधगिरी हवी: या सरासरीत तळून टाकून दिलेलं आणि वाया गेलेलंही आलं, शिवाय धारावीतल्या कुटुंबाचं तेल आणि कोथरूडमधल्या कुटुंबाचं तेल सारखं नसतं. तरी दिशा स्पष्ट आहे.

‘आम्ही तर फोडणीला चमचाभरच घालतो’ असं घरोघरी ऐकू येतं, आणि ते खोटंही नसतं. तेल वाढलंय ते घराबाहेरच्या कढईत. किराणा दुकानातून शेवेचं एखादं पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बेसन, खाद्यतेल, कंसात पामोलिन, कधी वाटाण्याचं पीठ, मीठ, मिरची असं काहीसं सापडेल. तेल बहुधा इंडोनेशियाचं. वाटाणा बहुधा कॅनडाचा किंवा रशियाचा, कारण पिवळा वाटाणा हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडतो आणि त्याचं पीठ बेसनात मिसळलं की कळतही नाही. ज्या शेवेवर आपण मिसळीचा अभिमान मिरवतो, तिचे दोन मुख्य घटक समुद्रापलीकडून आलेले असू शकतात. फरसाणवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. पामोलिन स्वस्त, स्वतःची चव न देणारं, पुन्हापुन्हा तापवलं तरी लवकर खराब न होणारं आणि माल महिनोन्महिने खवट होऊ न देणारं. बिस्किटं, टोस्ट, नूडल्स, केक, आइस्क्रीमच्या नावानं विकलं जाणारं फ्रोझन डेझर्ट, सगळीकडे तेच कारण.

पामतेल विष आहे असं मात्र नाही, आणि समाजमाध्यमांवरच्या त्या आरोळ्यांना मी फारसा भाव देत नाही. त्यात संपृक्त मेदाम्लं (सॅच्युरेटेड फॅट) जास्त असतात, सुमारे निम्मी. सूर्यफुलात ती दहा-अकरा टक्के, करडईत त्याहूनही कमी. रोजच्या खाण्यात संपृक्त मेद वाढला की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढतं, हे पक्कं आहे. पण पामतेलानं बऱ्याच ठिकाणी वनस्पती तुपाची जागा घेतली, आणि त्या डालड्यातला ट्रान्सफॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारा मेद) हृदयाला याहून वाईट होता. ट्रान्सफॅटवर आपल्याकडे जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय ज्या घरांत लाटणी मोर्चाच्या काळात तेलाचा थेंब जपून वापरला जायचा, तिथल्या मुलांना थोडं जास्त तेल मिळालं हे चांगलंच झालं. तेलाशिवाय अ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. चूक स्वस्त तेल आणण्यात नव्हती. पुरेसं झाल्यावर कुठे थांबायचं, हे कोणी ठरवलंच नाही, तिथे गडबड झाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 आणि 2019-21 या दोन फेऱ्या शेजारी ठेवल्या तर हेच दिसतं. जास्त वजनाच्या स्त्रियांचं प्रमाण 20.6 टक्क्यांवरून 24 वर गेलं. त्याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रियाही 53 टक्क्यांवरून 57 वर गेल्या. उष्मांक भरपूर आणि लोह अपुरं. यामागे व्यापार हेच एक कारण आहे असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. बैठी कामं, स्वयंपाकाला न मिळणारा वेळ, जाहिराती हे सगळं त्यात आहेच. पण स्वस्त तेल आणि महाग भाजी या जोडीनं त्याला हातभार लावला आहे.

करडई गेली, सोयाबीन आलं

सोलापूर, धाराशिव, लातूर, परभणीच्या रब्बी रानात करडई काट्यांसकट डोलायची. कोरडवाहू जमिनीत येणारं, ओलाव्यावर पिकणारं हे पीक. मराठवाड्यातल्या आजींना करडईच्या तेलाशिवाय कशाचाच वास घरचा वाटायचा नाही. आता तिचं क्षेत्र खूपच आकसलं आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत हे एक कारण, आणि तेलाला भाव नाही हे दुसरं. बंदरात उतरणाऱ्या तेलाचा भाव हाच शेवटी इथल्या करडईचा, जवसाचा, कारळ्याचा भाव ठरवतो. जवस आणि कारळं आता चटणीपुरती उरली आहेत.

त्यांच्या जागी आलेलं सोयाबीन हे मुळात तेलबीसुद्धा अर्धवटच. त्यात तेल साधारण 18 टक्के. उरलेली असते ती पेंड, आणि ती जाते कोंबड्यांना. म्हणजे लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आयात तेल आणि सोयापेंड या दोन दोऱ्यांना बांधलेला असतो. ऑगस्ट 2021 मध्ये पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. सोयाबीनचे भाव कोसळले आणि शेतकरी संतापले. पण पोषणाच्या बाजूनं विचारलं तर? पेंड स्वस्त म्हणजे अंडं स्वस्त, आणि अंडं हे गरीब घरातल्या मुलासाठी मिळू शकणारं सगळ्यात चांगलं प्रथिन. एकाच निर्णयात मुलाचं भलं आणि मुलाच्या बापाचं नुकसान. या विषयात असे पेच पावलोपावली भेटतात, आणि ते पाच ओळींत सोडवून देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये महाराष्ट्राच्या निवडणुका तोंडावर असताना केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. बाजारात तरीही त्याहून खालीच भाव मिळत राहिला, कारण पेंडीला जगभर मागणी मंद होती. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून लठ्ठपणाविषयी बोलताना लोकांना तेल 10 टक्के कमी खाण्याचं आवाहन केलं. मे महिनाअखेर तेच शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, तेल स्वस्त व्हावं म्हणून. आवाहन आरोग्यासाठी, अधिसूचना महागाईसाठी. दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक. आयात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं. ती काढताना राष्ट्रीय पोषण संस्थेचं 27 ग्रॅमचं ताट कोणाच्या टेबलावर असतं असं वाटत नाही.

जागतिक व्यापार संघटनेनं आपले हात बांधलेत, असंही सर्रास ऐकू येतं. तेलाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. सोयाबीन तेलावर भारत 45 टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क लावू शकत नाही, तसं वचन देऊन बसलोय. पामतेलावरची कमाल मर्यादा मात्र 300 टक्के आहे. तिथे त्या संघटनेच्या नियमांत भरपूर मोकळीक आहे; आग्नेय आशियाई देशांशी (आसियान) केलेल्या करारानं मात्र ती बरीच आवळली आहे. उरलेलीही आपण पुरती वापरत नाही.

डाळीचा झोका

तेल जरुरीच्या दुप्पट. डाळीचं काय? पोषण संस्थेच्या ताटात डाळी-कडधान्यं, किंवा त्यांच्या बदली अंडी-मांस, 85 ग्रॅम आहेत. देशातली डाळींची दरडोई उपलब्धता रोज 50 ग्रॅमच्या आगेमागे घुटमळते, तीही आयात धरून. जगात सर्वांत जास्त डाळ आपण पिकवतो, आपणच खातो आणि आपणच आयात करतो. तरी ती पुरत नाही.

2015 मध्ये तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली होती हे कोणी विसरलं नसेल. वरणाऐवजी आमटी आणि आमटीऐवजी पातळ आमटी, अशी तेव्हा घसरण झाली. केंद्रानं 2016 मध्ये मोझांबिकशी करार केला: वर्षाला एक लाख टनांपासून सुरुवात करून दोन लाख टनांपर्यंत तूर घेऊ. इकडे भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर लावली, पाऊसही झाला, आणि उत्पादन सुमारे 25 लाख टनांवरून एका वर्षात 48 लाख टनांच्या घरात गेलं. बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला 5,050 रुपये. बाजारात चार हजारही मिळेनात. खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. मग ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली.

त्याचा फटका मोझांबिकमध्ये बसला. तिथले लहान शेतकरी तूर लावतात ती मुख्यतः भारतासाठीच. त्यांच्या रोजच्या जेवणात तिला फारशी जागा नाही. भारतानं दार लावल्यावर तिथले भाव गडगडले आणि माल घ्यायला कोणी उरलं नाही. पुढे मे 2021 मध्ये आपण पुन्हा तूर खुली केली आणि मुदत वर्षागणिक वाढवत गेलो. पिवळ्या वाटाण्याचंही तसंच. 2017 मध्ये त्यावर 50 टक्के शुल्क, 2019 मध्ये किलोला 200 रुपयांची किमान आयात किंमत, म्हणजे जवळपास बंदीच. डिसेंबर 2023 मध्ये तो पूर्ण शुल्कमुक्त, आणि नोव्हेंबर 2025 पासून पुन्हा 30 टक्के. मधल्या काळात, 2024-25 मध्ये, डाळींची एकूण आयात 70 लाख टनांच्या आसपास गेली. तो उच्चांक होता.

या झोक्यावर बसून कोणीच नीट जेवत नाही. शेतकऱ्याला पुढच्या वर्षीचा अंदाज येत नाही म्हणून तो सोयाबीन किंवा उसाकडे वळतो. ग्राहकाला एक वर्ष डाळ परवडते, दुसऱ्या वर्षी नाही. हातावर पोट असलेल्या घरात डाळ कमी झाली की तिची जागा भाजी घेत नाही, ती घेतो जास्तीचा भात किंवा तेलाची तर्री असलेला रस्सा. मला विचाराल तर डाळीला भावाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारं, आधीच जाहीर केलेलं शुल्क हवं. पेरणीआधी शेतकऱ्याला ते माहीत असावं आणि मोझांबिकच्या शेतकऱ्यालाही. दार उघडं की बंद यापेक्षा ते रातोरात हलणार नाही, ही खात्री पोषणाच्या जास्त कामाची आहे.

आपणही दुसऱ्याच्या ताटात हात घालतो

जगातल्या तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा सुमारे 40 टक्के. सप्टेंबर 2022 मध्ये आपण कणीची निर्यात थांबवली. आपल्याकडे कणी म्हणजे हलका माल; सेनेगलमध्ये मात्र राष्ट्रीय मानली जाणारी मासे-भाताची डिशच कणीची होते, लोक ती मुद्दाम मागतात. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली आणि आशियातले भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला गेले. अमेरिकेतल्या देशी दुकानांत सोना मसुरीच्या पोत्यांवर उड्या पडल्याचे व्हिडिओ आपण हसत पाहिले. पश्चिम आफ्रिकेत ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ही बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. इंडोनेशियानं एप्रिल 2022 मध्ये पामतेलाची निर्यात तीनेक आठवडे थांबवली तेव्हा आपण किती कळवळलो होतो हे आठवलं तर दुसरी बाजू कशी असते ते लक्षात येईल.

निर्यातीचा एक चांगला परिणामही नोंदवायला हवा. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांचा माल 2010 मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे अडकला, मोठं नुकसान झालं. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग नोंदवलेली असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, कोणती फवारणी कधी हे लिहिलेलं असतं. त्या शिस्तीचा थोडा फायदा आपल्यालाही होतो. पण दादरच्या हातगाडीवरच्या घडाला अशी चाचणी खेपागणिक कोणी लावत नाही.

सामोआची टर्की, मेक्सिकोचं सरबत

स्वतःच्या लोकांच्या आरोग्यासाठी एखादा देश आयातीला नाही म्हणू शकतो का? पॅसिफिकमधल्या छोट्या सामोआनं तसा प्रयत्न केला. अमेरिकेत टर्की पक्ष्याच्या शेपटाकडची चरबीची गादी कोणी खात नाही, ती स्वस्तात बेटांवर जायची. लठ्ठपणा आणि मधुमेह वाढल्यावर सामोआनं 2007 मध्ये तिच्यावर बंदी घातली. पुढे 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ही बंदी उठवायचं कबूल करावं लागलं. बदल्यात काही काळ 300 टक्के शुल्क लावायची सवलत मिळाली. शेजारच्या फिजीनं शहाणपणा केला होता. न्यूझीलंडहून येणाऱ्या मेंढीच्या चरबट तुकड्यांवर 2000 मध्ये त्यांनी नुसती आयातबंदी न लावता विक्रीवरच बंदी घातली, माल कुठलाही असो.

मेक्सिको तोच धडा कोर्टकचेऱ्या करून शिकला. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या 1994 च्या नाफ्टा व्यापार करारानंतर अमेरिकेतून मक्याच्या साखरेचा पाक येऊ लागला. मेक्सिकोनं 2002 मध्ये उसाची साखर सोडून इतर गोडव्यानं केलेल्या पेयांवर 20 टक्के कर लावला. हेतू उसाला वाचवण्याचा होता आणि तो लपत नव्हता. अमेरिकेनं दाद मागितली, 2006 मध्ये मेक्सिको हरला. 2014 मध्ये त्यांनी पुन्हा कर आणला, पण आता सगळ्याच गोड पेयांवर लिटरला एक पेसो, साखर उसाची असो की मक्याची. तो टिकला, आणि करपात्र पेयांची खरेदीही घटली. व्यापाराचे नियम आरोग्यासाठी पाऊल उचलू देतात; देशी मालाला पाठीशी घालून आरोग्याचं नाव सांगितलं की मात्र पकडतात.

आपल्याला हे आता लागू पडतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी केलेला करार ऑक्टोबर 2025 मध्ये अमलात आला, ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये सह्या झाल्या. चॉकलेट, बिस्किटं, शीतपेयं यांवरचं शुल्क त्यांतून टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. चिलीनं 2016 मध्ये आणि मेक्सिकोनं 2020 मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला ‘साखर जास्त’, ‘संपृक्त मेद जास्त’ असे काळे अष्टकोनी शिक्के आणले, ते देशी-परदेशी सगळ्यांना सारखेच. आपल्याकडे 2022 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ताऱ्यांच्या रेटिंगचा मसुदा आणला, त्यावर बराच वाद झाला. हॉटेलला द्यावेत तसे तारे चिप्सना देण्याची ही कल्पना मला तरी पटलेली नाही. एक तारा मिळाला तरी तो वाचणाऱ्याला बक्षीसच वाटतो.

तोवर पाकिटाची मागची बाजू आहे. नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, आणि नुसतं ‘वनस्पती तेल’ लिहून भागत नाही, कोणतं ते नाव द्यावं लागतं. तेल पहिल्या दोन-तीन घटकांत असलं तर तो पदार्थ रोजचा नव्हे. सुट्या फरसाणाला लेबलच नसतं. तिथे दुकानदाराला विचारावं लागतं, आणि ‘तेल कोणतं वापरता?’ याला उत्तर बहुतेक वेळा ‘रिफाइंड’ एवढंच येतं.